तक्रार एकाची, पाहणी सगळ्यांची

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिसरा हेलपाटा. पहिल्या वेळी सर्व्हर डाऊन होता, दुसऱ्या वेळी साहेब मीटिंगला. तिसऱ्या वेळी दाखला निघाला आणि खिडकीतल्या बाईंनी एक जाडजूड रजिस्टर पुढं सरकवलं. "इथं नाव, मोबाइल नंबर, अभिप्राय आणि सही." वरच्या ओळी वाचल्या. 'सेवा उत्तम.' त्याखाली 'उत्तम'. त्याखाली नुसतंच 'वरीलप्रमाणे', पानभर. मीही 'उत्तम' लिहून टाकलं. दाखला अजून बाईंच्या हातात होता.

रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'तक्रार / अभिप्राय नोंदवही'. मधल्या त्या तिरक्या रेघेनं दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या होत्या. बहुतेक कार्यालयांत हेच चालतं. पेटी एक, रजिस्टर एक, हल्ली भिंतीवरचा क्यूआर कोडही एकच. मग बैठकीत एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागते.

आधी तक्रार, कारण ती ओळखीची आहे. ती मी माझ्या पायानं जाऊन करतो. तिच्यात माझं नाव लागतं, तारीख लागते, कुठल्या टेबलावर काय अडलं ते लागतं. निनावी तक्रारीच्या वाट्याला सरकारदरबारी सहसा केराची टोपलीच येते. नाव-गाव देऊन पुढं आल्याच्या बदल्यात मला काही हक्क मिळतात: नोंदणी क्रमांक, मुदत, उत्तर, आणि उत्तर पटलं नाही तर वरची पायरी. आपल्याकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन भरतो, तिथं माणूस कागद घेऊन थेट साहेबासमोर उभा राहतो. 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा याहून पुढे जातो. कुठली सेवा किती दिवसांत आणि कुणी द्यायची हे फलकावर लावणं त्यानं बंधनकारक केलं. सेवा मिळाली नाही तर पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. या सगळ्या वाटा एकाच मुक्कामाला जातात: प्रकरण माझं आहे आणि ते मला न्याय देऊनच संपायला हवं.

पाहणीचं, म्हणजे लोकांना विचारून अभिप्राय गोळा करण्याचं, सगळं उलटं. तिथं कार्यालय, किंवा त्याच्या वतीनं दुसरं कुणी, माझ्याकडे येतं. मी कोण हे कळायची गरज नसते. खरं तर कळूच नये. मला नोंदणी क्रमांक मिळत नाही, उत्तरही मिळत नाही. माझं म्हणणं शेकडो लोकांच्या म्हणण्यात मिसळतं आणि त्यातून एक आकडा निघतो. पुढच्या वर्षी तेच प्रश्न तशाच पद्धतीनं पुन्हा विचारायचे आणि तो आकडा हलला का ते बघायचं.

शितावरून भाताची परीक्षा करतात, ती ही. मात्र शीत पातेल्याच्या मधून, कडेनं, तळातून असं सगळीकडून घ्यावं लागतं. वरवरचंच घेतलं तर खाली करपलंय हे कळत नाही. तक्रार म्हणजे जेवताना दाताखाली आलेला खडा. तो काढायलाच हवा, आणि ज्याच्या दाताखाली आला त्याला 'बाकी भात छान झालाय हो' असं सांगण्यात अर्थ नाही. पण खड्यावरून भात शिजलाय की कच्चा आहे ते कळत नाही, आणि शिताची परीक्षा करून कुणाचा दुखरा दात बरा होत नाही.

आता समजा, एका कार्यालयातून महिन्याला 1,000 दाखले निघतात आणि 12 तक्रारी येतात. बाराच्या बारा निकाली. आढावा बैठकीत स्लाइड लागते, 'तक्रार निवारण 100 टक्के', आणि सगळे चहाकडे वळतात. उरलेल्या 988 जणांचं काय? काही खरंच खूश असतील. काहींनी एजंटाच्या हातावर पैसे ठेवून काम करून घेतलं, ते कशाला बोलतील. काहींना याच खिडकीवर पुन्हा जातीच्या दाखल्यासाठी यायचंय, पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेईल. आणि पुष्कळांना तक्रार कुठं करायची हेच ठाऊक नसतं. ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तोच बहुधा यांत असतो. म्हणून तक्रारी कमी असल्याचं कौतुक मला कधी पटत नाही. तक्रार करणं सोपं केलं की आकडा वाढतो, आणि तसा तो वाढणं बऱ्याचदा कार्यालय सुधारत असल्याचं लक्षण असतं.

या गप्प बसलेल्यांना बोलतं कसं करायचं? पाकिस्तानी पंजाबातल्या झंग जिल्ह्यात 2008 च्या सुमारास झुबैर भट्टी नावाचे जिल्हा अधिकारी होते. जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या नोंदणीत पैसे खाल्ले जातात हे सगळ्यांना माहीत होतं, तक्रार मात्र कुणी करत नव्हतं. भट्टींनी कारकुनांना सांगितलं, रोज झालेल्या व्यवहारांची यादी द्या, सोबत त्या लोकांचे मोबाइल नंबर द्या. मग त्या यादीतून कुठलेही काही नंबर निवडून ते स्वतः फोन लावू लागले. काम झालं का, वागणूक कशी होती, कुणी वरचे पैसे मागितले का?

रोज फोन मोजकेच व्हायचे. पण साहेबांचा फोन कुणाला जाईल हे कारकुनाला ठाऊक नसायचं, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाशी वागताना तो फोन डोक्यात असायचा. पुढे पंजाब प्रांतानं ही कल्पना उचलली. काम करून गेलेल्या लोकांना मुख्यमंत्र्यांच्या आवाजातला ध्वनिमुद्रित फोन जायचा आणि एसएमएसनं उत्तर मागितलं जायचं. यात नागरिकाला एकही पायरी चढावी लागली नाही, अर्ज लिहावा लागला नाही. बोलायला सुरुवात करण्याचं ओझं साहेबानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं.

आपल्या देशातलं उदाहरण बेंगळुरूचं आहे, आणि ते सरकारनं नव्हे तर सरकारबाहेरच्यांनी घडवलं. आयआयएम अहमदाबादचे माजी संचालक सॅम्युअल पॉल यांनी 1993 मध्ये शहरात पाहणी करवून घेतली. पाणी, वीज, टेलिफोन, महापालिका, सरकारी दवाखाने अशा संस्थांबद्दल, जे त्यांची सेवा घेतात त्यांनाच विचारलं, आणि झोपडपट्टीतल्या कुटुंबांना वेगळं विचारलं. तळातलं शीत म्हणतात ते हेच. 1994 मध्ये निकाल शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा छापला आणि तो वाईट होता. वर्तमानपत्रांनी उचलून धरला. सगळ्यात खाली होतं बंगलोर विकास प्राधिकरण, आणि सुधारणेसाठी मदत मागायला पहिल्यांदा पुढं आलं तेही तेच. पॉल यांच्या पब्लिक अफेअर्स सेंटरनं 1999 आणि 2003 मध्ये पुन्हा पाहणी केली. 1999 ला सुधारणा जेमतेम होती, 2003 पर्यंत ती ठसठशीत दिसू लागली. श्रेय एकट्या पाहणीचं नाही. मधल्या काळात नंदन निलेकणींच्या अध्यक्षतेखाली नागरिक आणि अधिकारी यांचा कृती गट नेमला गेला होता, वरून राजकीय पाठबळ होतं. पण दहा वर्षं एकच फूटपट्टी लावत राहिल्यामुळे 'सुधारलं' आणि 'सुधारलं असं वाटतं' यांतला फरक सांगता आला.

तक्रार आणि पाहणी यांच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे, फसगत तिथंच जास्त होते. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार यंत्रणेनं 2022 मध्ये कॉल सेंटर सुरू केलं. तक्रार बंद झाली की तक्रारदाराला फोन येतो, समाधान झालं का? नसेल तर तिथंच अपील नोंदवता येतं. सोय चांगली आहे. फोन नसता तर 'निकाली' शब्दाखाली काय काय पुरलं गेलं असतं कोण जाणे. त्याच यंत्रणेनं तक्रार निकाली काढायची मुदत 2022 मध्ये 45 वरून 30 दिवसांवर आणली आणि 2024 मध्ये 21 वर. पण या फोनवरून निघणारी समाधानाची टक्केवारी तक्रार करणाऱ्यांपुरती आहे, सेवा घेणाऱ्या सगळ्यांची नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांना विचारून गावाच्या तब्येतीची टक्केवारी काढता येत नाही. ती तक्रारीचीच शेपटी आहे, तिला पाहणी म्हणू नये.

पाहणीलाही रोग लागतात. सगळ्यात मोठा रोग गुणांचा. 2016 मध्ये 73 शहरांपासून सुरू झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायाला गुण असतात. कल्पना रास्त होती. पण गुण आले की क्रमांक आला, क्रमांक आला की शहराची इभ्रत. मग चौकाचौकात फलक लागतात, आपल्या शहराला पहिलं आणा. पाहणीची निवडणूक होते. कचरा उचलला जातो का, या प्रश्नाला माणूस गल्लीतला ढीग आठवून उत्तर देईल की शेजारच्या शहराला हरवायचं म्हणून, हे फॉर्मवरून ओळखता येत नाही. माझ्यासमोरचं रजिस्टर याच रोगाचं गावठी रूप. नाव-सही मागितली म्हणजे पाहणी राहिली नाही, आणि उत्तर द्यायला कुणी बांधील नाही म्हणजे तक्रारही नाही.

अमेरिकेत ठरावीक प्रश्नांची पाहणी आणि मोकळं म्हणणं यांतला फरक कायद्यातच उतरलाय. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सप्टेंबर 1993 मध्ये आदेश काढून सरकारी खात्यांना ग्राहकांना विचारा, त्यांचं समाधान मोजा, असं बजावलं. पण तिथल्या 1980 च्या कागदपत्रं कमी करण्याच्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त लोकांना ठरावीक तेच प्रश्न विचारायचे असतील तर खात्याला आधी वरून मंजुरी घ्यावी लागते. कारण भरायचा प्रत्येक फॉर्म नागरिकाचा वेळ खातो. 'काय म्हणायचंय ते सांगा' अशी सर्वसाधारण मोकळी विचारणा मात्र या अटीतून सुटते. आपल्याकडच्या फॉर्मांना कुणी असा लगाम घातला तर मी पहिला टाळ्या वाजवीन.

तर पुढच्या वेळी कुठं काय लिहायचं? काम अडलं असेल, मुदत उलटली असेल, तर फॉर्मवरच्या रुसलेल्या इमोजीवर बोट ठेवून घरी येऊ नका. रीतसर तक्रार किंवा अपील करा, पोचपावती घ्या. लाच मागितली असेल तर तो ना अभिप्रायाचा विषय ना नोंदवहीचा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. आणि कुणी नाव न विचारता, खिडकीपासून दूर, काम झाल्यावर विचारलं, तर किती हेलपाटे पडले तो आकडा सांगा, 'उत्तम' नको. माझं उत्तर 'तीन' होतं. त्या रजिस्टरात आकड्याचा रकाना नव्हता.