वनस्पतींचा फिश टँक (नागपूरमधील निगा)

गोड्या पाण्याच्या घरगुती टँकमधल्या जिवंत वनस्पती, मासे आणि फिल्टरमधले जिवाणू यांचा मेळ टिकवण्यासाठी नेमाने करावी लागणारी कामे : पाणीबदल, फिल्टरची धुलाई, छाटणी, खत आणि तापमानाची राखण. ही कामे सगळीकडे सारखीच असतात. नागपुरात मात्र उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, पाणी झपाट्याने उडते आणि कामांचा अग्रक्रम बदलतो.

पाणी : दोन फुटी (६०×३०×३० सेंमी.) टँकमध्ये ५४ लिटर पाणी मावते, रेती-दगड वजा जाता हाती सुमारे ४५ लिटर उरते. दर आठवड्याला २५ ते ३० टक्के, म्हणजे एक बादली पाणी बदलावे. सायफनची नळी रेतीच्या वरूनच फिरवून गाळ ओढावा. मुळांशी उकरू नये. महापालिकेकडून येणारे पेंच व कन्हानचे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरावा, १ मिग्रॅ. क्लोरीनला व्यवहारात सुमारे ७ मिग्रॅ. हायपो धरतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी कढत येते, म्हणून पाणीबदल सकाळीच उरकावा.

उडालेले पाणी भरणे म्हणजे पाणीबदल नव्हे. सर्वाधिक चुका इथेच होतात. पाणी उडते, क्षार मागे राहतात. ४५ लिटरच्या टँकमधून रोज १ लिटर उडाले आणि ते ३०० टीडीएसच्या पाण्याने भरत गेले, तर पाणीबदलाविना महिन्याभरात टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिग्रॅ.मध्ये) ५०० होतो. काचेवरची पांढरी रेघ आणि कूलरच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थर यांचे मूळ एकच. म्हणून रोजची भर आरओच्या, म्हणजे क्षार गाळलेल्या पाण्याने घालावी. साप्ताहिक बदल मात्र निव्वळ आरओच्या पाण्याने करू नये, कारण वनस्पतींना कॅल्शियम व मॅग्नेशियम लागते. आरओतून वाया जाणारे पाणी फुकट मिळते म्हणून टँकमध्ये ओतणे सर्वांत वाईट. त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

उष्णता : समुद्रसपाटीच्या हिशोबाने २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिग्रॅ. प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांना सुमारे ७.३. रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात. त्यामुळे नवतपातल्या (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) रात्री वीज जाणे हा खरा धोका. बॅटरीवरचा एअर पंप जवळ हवाच. बंद डब्याचा फिल्टर दोन-तीन तासांहून जास्त थांबला असेल, तर आतले कुजके पाणी फेकून, स्पंज खंगाळून मगच सुरू करावा. झाकण काढून छोटा पंखा पाण्यावर आडवा सोडला की तापमान २ ते ४ अंशांनी उतरते. कूलर लावलेल्या दमट खोलीत पंख्याचा उपयोग कमी होतो, पण तिथली हवाच थंड असते. बर्फाची बाटली घालायचीच तर बूच घट्ट लावून, एका वेळी एकच. या दिवसांत खाणे निम्मे करावे.

फिल्टर : स्पंज नळाखाली धुतला की अमोनिया पचवणारे जिवाणू क्लोरीनने मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळावा, तोही प्रवाह मंदावल्यावर.

वनस्पती : दिवा टायमरवर ६ ते ८ तास. खिडकीचे ऊन थेट आले की शेवाळ हटत नाही. जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी, नवी फिकी आली तर लोह, पानांना बारीक भोके पडली तर पोटॅशियम. पाणी अचानक बदलल्यावर क्रिप्टोकोरिनची पाने विरघळल्यासारखी गळतात. रोप उपटू नये, काही आठवड्यांत मुळातून फुटवे येतात. अॅन्युबियासचे आडवे खोड रेतीत पुरले की कुजते, ते दगडाला दोऱ्याने बांधावे.

हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. लिटरमागे १ वॅट या हिशोबाने ५० वॅटचा हीटर पुरतो. पाणी काढण्यापूर्वी तो बंद केला नाही, तर पाण्याबाहेर उघडी पडलेली हीटरची काच तडकते.

छाटलेल्या फांद्या आणि नकोसे मासे फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नयेत. अंबाझरीला जलपर्णीचाच जाच पुरेसा आहे. फांद्या उन्हात वाळवून कुंडीत टाकाव्यात आणि काढलेले पाणीही झाडांनाच घालावे.