मेंदूतील सौम्य गाठ : ग्रामीण विदर्भातील ओळख व उपचार

मेंदूत, त्याच्या आवरणावर किंवा त्यातून निघणाऱ्या नसेवर सावकाश वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ. आवरणावरील मेनिन्जिओमा, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील अ‍ॅडेनोमा आणि कानाच्या नसेवरील श्वानोमा हे नेहमीचे प्रकार. कॅन्सर नाही म्हणून ती निरुपद्रवी नसते. कवटी ताणली जात नाही, त्यामुळे वाढत्या गाठीचा सारा दाब मेंदूवर येतो.

वाढ वर्षानुवर्षे चालत असल्याने लक्षणांना दुसरीच कारणे चिकटतात. उन्हाळ्यात डोके दुखले की ऊन लागले म्हणतात, पावसाळ्यात कपाशीवरच्या फवारणीला दोष देतात. फवारणीची विषबाधा खरीच जीवघेणी आहे; २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने ते भोगले. पण ती बहुधा काही तासांत घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणे अशी प्रकटते आणि तेव्हा क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. गाठीचे दुखणे आठवडेच्या आठवडे टिकते, वाढत जाते, सकाळी उठताना किंवा खोकताना बळावते. सोबत उलटीही होते.

मोठ्या वयात पहिल्यांदाच मिरगी आली तर कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, बाहेरची बाधा समजून उतारा करणे यात मोलाचा वेळ जातो. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून लांबला तर १०८ ला फोन करावा. क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळ्या यांनीही झटके येतात, म्हणून स्कॅन टाळू नये. तोवर विहिरीवर एकट्याने जाऊ नये, गाडी चालवू नये.

एकाच कानाने कमी ऐकू येणे, चष्मा बदलूनही बाजूचे न दिसणे, मोठ्या वयात पावले वाढून चपलेचा नंबर वाढणे याही खुणा आहेत. पाळी थांबणे, मूल अंगावर पीत नसताना दूध येणे हे बायका लाजेने दडवतात. त्यामागची प्रोलॅक्टिनची (दूध आणणाऱ्या संप्रेरकाची) गाठ बहुतेकदा गोळ्यांनीच आटोक्यात येते, म्हणून हे दडवणे फार नुकसानीचे.

निदान सीटी स्कॅन व एमआरआयने होते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय ही या भागातील मोठी ठिकाणे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड व आधार घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला) भरती होण्याआधीच भेटावे. लहान, त्रास न देणारी गाठ नुसती तपासत राहतात. इतरांना शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात; पीयूषिकेची गाठ बहुधा नाकावाटे काढतात. मिरगीच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून जुनी एमआरआय फिल्म दर तपासणीला सोबत न्यावी.