पोर्तुगीज वाइन: बाटलीमागचे तह आणि फर्मानं

फ्रान्सशी बिनसलं की इंग्लंडची पहिली पंचाईत व्हायची ती वाइनची. थंड, दमट हवेत द्राक्षं धड पिकत नाहीत, पिणारे मात्र रग्गड. १६७८ मध्ये इंग्लंडने फ्रेंच वाइनच्या आयातीवर बंदी घातली आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी पोर्तुगालकडे मोर्चा वळवला. १७०३ च्या मेथुएन तहाने या व्यवहाराला पक्कं रूप दिलं: इंग्लिश लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली, आणि बदल्यात पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. पोर्तुगीज वाइनचे प्रकार समजून घ्यायला बसलेला माणूस सहसा द्राक्षांच्या जातींपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. या छोट्याशा देशात अडीचशेच्या आसपास स्थानिक जाती आहेत, त्या पाठ करण्यात हशील नाही. कोणत्या प्रकारामागे कोणाचा हुकूम आणि कोणाचा व्यापार होता, हे पाहिलं की गुंता बराच सुटतो.

पोर्टचंच घ्या. डोरो नदीच्या खोऱ्यातली ही वाइन पिंपांत भरून, राबेलो नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून, पोर्तो शहरासमोरच्या गाया गावातल्या गोदामांत येई आणि तिथून इंग्लंडला जाई. प्रवासात ती बिघडू नये म्हणून सुरुवातीला तिच्यात थोडी ब्रँडी टाकत. पुढे हीच ब्रँडी रस आंबत असतानाच टाकायची पद्धत रूढ झाली. पारंपरिक पद्धतीत ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत द्राक्षं पायांनी तुडवतात. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर आंबून जाते. तेवढ्यात सुमारे ४३५ लिटर रसाला ११५ लिटर या प्रमाणात ७७ टक्क्यांचं मद्य ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि २० टक्क्यांच्या आसपास कडकही.

मागणी वाढली तशी भेसळ आली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळू लागले, भाव कोसळले. तेव्हा पंतप्रधान पोंबाल याने १७५६ मध्ये एक सरकारी कंपनी काढली, खोऱ्याची हद्द आखली आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. कुठल्या उतारावरची वाइन निर्यात होणार हे आता कागदावर ठरू लागलं. एल्डरबेरीची झाडं मुळासकट उपटायचा हुकूम सुटला, तर डोरोबाहेरच्या बैरादा भागात द्राक्षवेलीच उपटल्या गेल्या. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तोत दंगा झाला, तर पोंबालने कित्येकांना फासावर लटकवलं. वाइनची प्रत राखण्यासाठी माणसं फाशी दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पोर्टचे आजचे पोटप्रकार मुख्यतः साठवणुकीवरून पडतात. रुबी मोठ्या टाक्यांत थोडा काळ राहते आणि लालभडक, फळांच्या चवीची उरते. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते, लाकडातून झिरपणाऱ्या हवेने तिचा रंग तपकिरीकडे झुकतो आणि चव सुक्या मेव्याकडे. लेबलवरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे तिच्या मुरलेपणाचे. व्हिंटेज फक्त उत्तम हंगामाची. ती दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग बाटलीतच दशकं काढते, म्हणून तळाशी गाळ येतो. आपल्याकडे गोव्याहून येताना बॅगेत पडते त्या स्वस्त, गोड 'पोर्ट वाइन'चा या सगळ्याशी नावापलीकडे संबंध नाही. युरोपात डोरोबाहेरच्या वाइनला ते नाव लावताच येत नाही.

मदेइरा बेटावरची त्याच नावाची वाइन ही तर जहाजांची देणगी. अटलांटिकमधल्या या बेटावर ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं हिंदुस्थानकडे निघताना थांबत आणि वाइनची पिंपं चढवत. उष्ण कटिबंधातून जाताना जहाजाच्या तळाशी ती महिनोन् महिने शेकून निघत. एरवी वाइनचा सत्यानाश करणारी ही उष्णता हिला मानवली, इतकी की विषुववृत्त ओलांडून परत आलेल्या पिंपांना जास्त भाव मिळू लागला. पुढे सागरी प्रवासाची नक्कल बेटावरच सुरू झाली: स्वस्त वाइन ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, उंची वाइन माळ्यावर उन्हाच्या झळांनी सावकाश मुरू देतात. द्राक्षाच्या जातीवरून तिचे प्रकार पडतात: सर्सियल कोरडी, वर्देल्यो जराशी गोडसर, बुआल गोड आणि मालमसी सर्वांत गोड. उघडलेली बाटलीही कित्येक महिने टिकते. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा हा मुळं शोषणारा किडा आला आणि देशभरच्या बागा बसल्या. उपाय निघाला अमेरिकन खुंटावर, म्हणजे तिकडच्या वेलीच्या मुळांवर, कलम करण्याचा. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला खुंट म्हणजे काय ते सांगायला नको. लिस्बनजवळच्या कोलारेसमध्ये मात्र वेली खोल वाळूत असल्याने किडा पोहोचलाच नाही, तिथे अजूनही वेली स्वतःच्या मुळांवर आहेत.

उत्तरेच्या मिन्यो प्रांतातली विन्यो व्हेर्दे म्हणजे हलकी, आंबटसर, किंचित फसफसणारी वाइन. जमिनीचे तुकडे इतके लहान की पूर्वी खाली भाजी-मका आणि वर झाडांवर किंवा मांडवावर वेली. तिची हद्द १९०८ मध्ये आखली गेली, त्याच वर्षी दांव प्रांताचीही. दांवचं नशीब खोटं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत तिथली द्राक्षं विकत घ्यायचा हक्क सहकारी संस्थांनाच दिला गेला, आणि चांगल्या मातीतून कित्येक वर्षं रटाळ वाइन निघत राहिली. त्याच काळात, १९४२ मध्ये, चपट्या बाटलीतली गुलाबी मातेउश निघाली आणि जगाने पोर्तुगाल म्हणजे तीच असं धरून चाललं. दक्षिणेच्या आलेंतेजूत मातीच्या मोठ्या रांजणांत वाइन आंबवायची रोमनकालीन रीत गावोगाव टिकून राहिली. रांजण उघडायचा दिवस ११ नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा सण.

१९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात आला आणि जुनी बंधनं सुटत गेली. दांवमधली मक्तेदारी गेली. पोर्टची निर्यात तोवर गायातल्या गोदामांमधूनच करावी लागे. आता डोरोतला मळेवाला आपल्या मळ्यावरच बाटल्या भरून थेट परदेशी पाठवू शकतो. हाच मळेवाला आज त्याच उतारावरच्या द्राक्षांची कोरडी लाल वाइनही करतो. तशी पहिली नावाजलेली वाइन, बार्का व्हेल्या, १९५२ च्या हंगामाची. खोऱ्यात वीज नव्हती, म्हणून रस थंड ठेवायला पोर्तोहून बर्फ आणावा लागे. दुकानात फरक ओळखणं सोपं आहे. लेबलवर 'पोर्तो' असेल तर गोड आणि कडक, 'डोरो' असेल तर जेवणासोबतची कोरडी.