काल्टर हुंट

काल्टर हुंट हा न भाजता केला जाणारा, बिस्किटे आणि चॉकलेटच्या थरांचा जर्मन केक आहे. नावाचा शब्दशः अर्थ ‘थंड कुत्रा’. लांबट चौकोनी साच्यात कागद घालून कोकोचे मिश्रण आणि बटर बिस्किटे यांचे आलटून पालटून थर देतात, काही तास थंड जागी ठेवतात आणि मग पातळ काप करतात. कापावर दिसणारे काळे-पिवळे पट्टे हीच त्याची ओळख.

हा केक कुणा एका आचाऱ्याच्या नावावर नाही. त्याची पाळेमुळे कारखान्यांत आहेत. हानोवरच्या हेर्मान बालसेन यांनी 1891 मध्ये तत्त्वज्ञ लायब्निझ यांच्या नावाने बटर बिस्किट बाजारात आणले. 1894 मध्ये मानहाइमच्या श्लिंक कंपनीचे ‘पाल्मिन’ हे शुद्ध केलेले घट्ट खोबरेल आले. या दोन पुड्यांखेरीज लागतात ती कोको, पिठीसाखर आणि अंडी. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950-60 च्या दशकांत, मुलांच्या वाढदिवसाला हा केक घरोघरी होऊ लागला.

सगळी किमया खोबरेलाची. थंडीत आपल्याकडे खोबरेलाची बाटली गोठते, तोच हा गुण. सुमारे 24-25 अंश सेल्सिअसखाली ते घट्ट होते आणि थरांना धरून ठेवते. तोंडात वितळताना ते जिभेची उष्णता शोषून घेते, म्हणून घास गारेगार लागतो. मुंबईच्या मे महिन्यात मात्र फ्रीजबाहेर काढलेला हा केक फार वेळ उभा राहणार नाही. जुन्या कृतीत अंडी कच्चीच घालत. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूच्या धोक्यामुळे आता बरेच जण त्याऐवजी दूध किंवा साय वापरतात आणि तेच योग्य आहे.

नावामागे कुत्रा कसा आला, याची एक उकल खाणींकडे नेते. खनिज वाहणाऱ्या छोट्या डब्याला जर्मन खाणकामगार ‘हुंट’ म्हणत आणि केकच्या साच्याचा आकारही तसाच असतो. जर्मनमध्ये कुत्र्यासाठीचा शब्द लिहिताना वेगळा असला तरी उच्चार अगदी हाच, त्यामुळे डब्याचा कुत्रा होणे सहज शक्य वाटते. ‘काल्टे श्नाउत्से’ म्हणजे ‘थंड नाकाड’ हे दुसरे नाव केकच्या काळ्या, चकचकीत पृष्ठभागाकडे पाहिले की पटते. कुठे त्याला ‘केलरकूखन’, म्हणजे तळघरातला केक, असेही म्हणतात. घरात फ्रीज नसताना तो गोठवायला तळघराइतकी गार जागा दुसरी नव्हती.