स्पर्शदालन

संग्रहालयातील वस्तू हाताने चाचपून पाहता याव्यात अशा बेताने मांडलेले दालन. ते मुख्यतः अंध आणि अंशतः दृष्टी असलेल्या प्रेक्षकांसाठी असते. पण ‘हात लावू नये’ या पाट्यांना कंटाळलेली शाळकरी मुलेही तिथे हमखास रेंगाळतात. इटलीतील अँकोना येथे १९९३ मध्ये स्थापन झालेले ओमेरो संग्रहालय तर सबंधच स्पर्शाने पाहण्यासाठी आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये २२ प्रतिकृतींचे ‘अनुभव’ हे दालन उघडले. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ यातील कलम २९ सांस्कृतिक जीवनातील सहभागाबद्दल आहे.

घट्ट पोताचा काळा पाषाण बऱ्यापैकी हाताळणी सोसतो, म्हणून अशा काही मूळ मूर्ती स्पर्शासाठी खुल्या ठेवता येतात. कांसे, चांदी, कापड, कागद, रंगवलेले लाकूड यांना मात्र हात लावू देत नाहीत. घामातील क्षारांनी कांस्याला हिरवट चट्टे धरतात आणि ते आत खात जातात. अशा वस्तूंच्या प्रतिकृती करतात. मूर्तीवरून थेट सिलिकॉनचा साचा घेतला तर सच्छिद्र दगडात तेल मुरून डाग राहू शकतो. त्यापेक्षा त्रिमिती स्कॅन बरा. प्लास्टरचे टवके उडतात. फायबरग्लास टिकतो, पण त्यात दगड, धातू, लाकूड सगळे बोटांना एकसारखेच लागते. दगडाचा गारवा हरवतो. म्हणून प्रतिकृतीशेजारी त्याच जातीच्या दगडाचा तळहाताएवढा घडवलेला तुकडा ठेवावा. उंची ३० ते ६० सेंमी असली की मूर्ती दोन्ही हातांच्या कवेत येते. नटराजाची बोटे आणि प्रभावळीच्या ज्वाळा सर्वांत आधी मोडतात. त्यांत ओततानाच तार घालावी लागते.

टेबल जमिनीपासून साधारण ७५ सेंमी, आणि चाकाची खुर्ची पुढे सरकेल इतके खालून मोकळे. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार (रॅम्प) १:१२, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीसाठी १.८ मीटर लांब. जागा कमी म्हणून उतार तीव्र केला की तो फक्त फोटोपुरता उरतो.

सर्वाधिक घोळ ब्रेल पाट्यांत होतो. बिंदूची उंची सुमारे अर्धा मिमी आणि शेजारच्या दोन बिंदूंतील अंतर अडीच मिमी, हे माप बोटाच्या टोकावर बेतलेले आहे. मांडणीकार जागा पाहून छापील अक्षरासारखे ब्रेलही लहान-मोठे करतो आणि पाटी वाचता येत नाही. फ्लेक्सवर नुसते ठिपके छापलेल्या, काचेआड लावलेल्या पाट्याही आढळतात! भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावलेली पाटी वाचताना मनगट पिरगळते. ती कमरेच्या उंचीला, उतरत्या फळीवर हवी. मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी, वापरतात. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात: ‘मूर्ती’ या शब्दात छपाईत ‘ती’च्या डोक्यावर बसणारा रफार ब्रेलमध्ये ‘त’च्या आधी पूर्ण ‘र’ म्हणून येतो आणि त्याच्याही आधी हलन्ताचा, म्हणजे ‘र’मध्ये स्वर नसल्याचे दाखवणारा, बिंदू. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर ब्रेल रूपांतरकात (छापील मजकुराचे ब्रेल करणाऱ्या संगणकप्रणालीत) टाकला तर निव्वळ कचरा बाहेर पडतो, आणि ब्रेल न जाणणाऱ्याला तो ओळखूच येत नाही.

शिवाय, उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. त्यांच्यासाठी ध्वनिवर्णन लागते: प्रत्येक वस्तूमागे दोन-तीन मिनिटे, आधी मूळ आकार आणि द्रव्य, मग एकूण ठेवण, मग ‘उजवा हात खाली सरकवा’ अशा सूचनांनी तपशील. इतिहास शेवटी. अंशतः दिसणाऱ्यांसाठी किमान १८ पॉइंटचा ठळक, गडद-फिका भेद असलेला मजकूर.

कच्च्या नमुन्यावरच दोन-चार अंध वाचकांना बोलावून चाचणी घ्यावी. उद्घाटनानंतर काढलेल्या चुका सहसा निधीअभावी तशाच राहतात. प्रेक्षकांनी आधी हात धुवावेत, अंगठ्या व घड्याळ काढावे. प्रतिकृतींवर बसणारा तेलकट थर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसतात. झिजलेले बिंदू डोळ्यांना शाबूत वाटतात. त्यामुळे वार्षिक तपासणी ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडूनच करून घेतात.