साफ युवा फुटबॉल स्पर्धा: भारतीय संघापर्यंतची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं (कोल्हापूरच्या पालकांसाठी)

साफच्या युवा स्पर्धेचा फॉर्म कुठे मिळतो, असं विचारणाऱ्या पालकांना आधीच सांगून टाकतो: असा फॉर्म कुठेच मिळत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमध्ये, म्हणजे केएसएत नाही, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नाही आणि ऑनलाइनही नाही. या स्पर्धेत देश उतरतात. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाचे, म्हणजे साफचे, सात सदस्य आहेत: भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान. आपला संघ निवडून पाठवायचा अधिकार फक्त अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला, म्हणजे एआयएफएफला आहे. पण निवड करणाऱ्यांची नजर मुलावर पडायची, तर त्याआधी त्याचं नाव चार-पाच ठिकाणी बिनचूक नोंदलेलं असावं लागतं, आणि ती नोंदणी आपल्या पेठेतूनच सुरू होते. अर्ज म्हणायचा तर तोच. तो बाराव्या-तेराव्या वर्षापासून थोडा थोडा भरत जायचा असतो. सोळाव्या वर्षी एकदम फाईल करायला बसलं की घोळ होतो.

वय कसं मोजतात

फुटबॉलमध्ये वयोगट जन्मसालावर ठरतो आणि १ जानेवारी ही रेघ असते. २०२६ च्या १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेचं उदाहरण घ्या. तिथे १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा चालतो. ३१ डिसेंबर २००८ चा मुलगा एका दिवसानं बाद होतो, आणि जानेवारी २००९ चा मुलगा त्या गटातला सगळ्यात मोठा म्हणून फायद्यात राहतो.

साफच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. मुलांची ही स्पर्धा २०११ मध्ये काठमांडूत १६ वर्षांखालील गटाची म्हणून सुरू झाली. २०२२ ला कोलंबोत ती १७ वर्षांखालील झाली, २०२३ ला थिंपूत पुन्हा १६ आणि २०२४ ला पुन्हा १७. शिवाय १९ आणि २० वर्षांखालील गटाच्या स्पर्धा वेगळ्या होतात. २०२५ ची १९ वर्षांखालील स्पर्धा अरुणाचल प्रदेशात युपियाला झाली आणि ती भारतानं जिंकली. त्यामुळे ‘आमचा पोरगा पुढच्या वर्षी बसतो’ हे पेठेच्या कट्ट्यावर ठरवून चालत नाही. त्या वर्षीचं परिपत्रक येईपर्यंत गट गृहीत धरू नये.

दुसरी अट नागरिकत्वाची. भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळाडू भारताकडून खेळतो. वडील नोकरीनिमित्त आखातात असतील आणि मुलगा तिथे शिकत असेल, तरी त्याचा पासपोर्ट भारतीय असला की अडचण नाही. परदेशी पासपोर्टसोबत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड असलं, तर तेवढ्यावर भागत नाही.

मुलींसाठी सगळी प्रक्रिया हीच आहे, फक्त संघ आणि स्पर्धा वेगळ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये थिंपूला झालेली १७ वर्षांखालील मुलींची साफ स्पर्धाही भारतानंच जिंकली. कोल्हापुरात मुलींचे संघ मुलांच्या मानानं कमी आहेत, म्हणजे जिल्हा संघात जागा मिळण्याची शक्यता उलट जास्त. हे पालकांच्या लवकर लक्षात येत नाही.

जन्म दाखला: सगळी इमारत याच्यावर

शहरात जन्म झाला असेल तर दाखला महापालिकेकडून मिळतो, गावात झाला असेल तर ग्रामपंचायतीकडून. तो हातात आला की पालक जन्मतारीख बघतात आणि घडी घालून ठेवून देतात. तपासणारा मात्र आणखी एक ओळ बघतो, नोंदणीची तारीख. कायद्यानं जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०१० चा जन्म आणि २०२२ ची नोंदणी असं दिसलं की ‘वय कमी करून आणलाय का?’ अशी शंका येणारच, मग मुलगा कितीही खरा असो. अशी उशिराची नोंद असेल तर आदेशाची प्रत आणि दवाखान्यातला जन्माचा कागद जोडीला ठेवा.

दाखल्यावर बाळाचं नावच नसणं हाही नेहमीचा प्रकार. बारशाआधी नोंद झालेली असते, नावाचा रकाना कोरा राहतो आणि पुढे तो भरायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत हे नाव घालून घेता येतं. चौदा वर्षांच्या पोराच्या घरात असा दाखला असेल तर उद्याच जा.

दुसरा कागद शाळेचा. मूल शिकत असताना बोनाफाईड मिळतं. शाळा सोडल्याचा दाखला शाळा सोडल्यावरच. दोन्हींचा आधार जनरल रजिस्टर असतो, आणि चूक असते ती तिथेच. आपल्याकडे एक पिढीच्या पिढी १ जूनला जन्मली, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना ती तारीख टाकली. आता तसं कमी झालंय, पण शाळेतली तारीख आणि दाखल्यावरची तारीख वेगळी असलेली मुलं आजही भेटतात. दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या. मुख्याध्यापकांकडे जन्म दाखल्यासह अर्ज द्यायचा, प्रस्ताव पुढे शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सुटली की हे काम जवळजवळ अशक्य होऊन बसतं.

आणि नाव! यात जितकी मुलं अडकतात तितकी खेळात अडकत नसतील. शाळेच्या रजिस्टरला ‘पाटील ओंकार संजय’, आधारला ‘ओंकार संजय पाटील’, जन्म दाखल्यावर वडिलांचं नाव ‘संजयकुमार’ आणि इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. आपल्याला ते एकच वाटतं. संगणकाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. आडनाव आधी की नंतर हा क्रम फारसा आडवा येत नाही. अक्षर बदललेलं मात्र येतं. आईचं, वडिलांचं आणि मुलाचं नाव जन्म दाखल्यावर जसं आहे तसंच आधारवर करून घ्या. नावच बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. आधारचे बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी पुन्हा द्यायचे असतात, तेही त्याच फेरीत उरकता येतं. आणि आधार ही ओळख आहे, जन्माचा पुरावा नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

सीआरएस नोंदणी

एआयएफएफची खेळाडू नोंदणीची संगणकीय व्यवस्था म्हणजे सीआरएस. यात मुलगा स्वतः अर्ज भरत नाही, त्याचा क्लब किंवा अकादमी भरते. तालमीच्या नाहीतर मंडळाच्या संघाला लॉगिन असतं. ज्यांच्याकडे ते असेल, त्यांनाच कागद द्यायचे. जन्म दाखला, ओळखपत्र, फोटो आणि पालकांची माहिती चढते, वरच्या संघटनेकडून तपासणी होते आणि मग खेळाडूला कायमचा ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक मुलाबरोबर पुढे सगळीकडे जातो.

इथे एक इशारा. ‘असू दे, दोन्हीकडे नाव टाकू’ असं म्हणून एकाच मुलाची दोन नावांनी किंवा दोन जन्मतारखांनी नोंद करू नका. पेठेतली ईर्ष्या सगळ्यांना ठाऊक आहे, चांगला पोरगा दिसला की दोन मंडळं मागे लागतात. पण दुहेरी नोंद पकडली गेली तर भोगतो तो मुलगा. क्लब बदलायचा तर आधीच्या क्लबनं त्याच व्यवस्थेतून त्याला मोकळं करायचं असतं. मंडळाशी भांडून बाहेर पडायच्या आधी ते करून घ्या. नोंदणी झाल्यावर स्क्रीनचा फोटो मागा आणि जन्मतारीख स्वतः वाचा. दिवस आणि महिना उलटा टाकलेला असण्याची शक्यता असते आणि ५ एप्रिलचा मुलगा ४ मेचा होतो.

पायऱ्या

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही जिल्ह्याची संघटना, तिच्यावर राज्यासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा, आणि तिच्यावर एआयएफएफ. सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर गटासाठी केएसए जिल्ह्याचा संघ निवडते, तो आंतरजिल्हा स्पर्धेत खेळतो, तिथून विफा महाराष्ट्राचा संघ काढते. महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत जातो. ज्युनिअर मुलांची राष्ट्रीय स्पर्धा डॉ. बी. सी. रॉय करंडकासाठी होते. भारतीय संघाचे प्रशिक्षक मुलं बघतात ती अशा स्पर्धांत आणि एआयएफएफच्या युथ लीगमध्ये. तिथून शिबिराचं बोलावणं, शिबिरात गाळणी आणि शेवटी २३ जणांचा संघ.

शाळेची वाट समांतर चालते: सुब्रतो कप आणि शालेय स्पर्धा. प्रवेशिका शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत भरायच्या असतात. तालुका किंवा महापालिका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय असा क्रम. माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा धराव्यात, पण निवडीच्या दृष्टीनं संघटनेची आणि लीगची वाट जास्त उपयोगी, कारण तिथे सामने जास्त मिळतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक दुपार वाईट गेली की वर्ष गेलं. तिसरी वाट अकादमीची: राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांच्या अकादमी आणि भुवनेश्वरची एआयएफएफ-फिफा अकादमी. यांच्या निवड चाचण्या जाहीर होतात, त्यासाठी मात्र खरोखरच फॉर्म असतो.

शाहू स्टेडियमवरच्या सीनिअर सामन्यांची गर्दी आणि हलगी बघून पोराला लवकर मोठ्यांच्या संघात घालायची हौस असते. पंधराव्या वर्षी सीनिअरला दहा मिनिटं मिळण्यापेक्षा वयोगटाच्या लीगमध्ये पूर्ण सामने खेळलेले बरे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपला अनिकेत जाधव वयोगटाच्या फुटबॉलमधूनच तिथे पोचला.

मनगटाची तपासणी

कागद बरोबर असले तरी हाड वेगळं बोलू शकतं. फिफानं २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. मनगटाजवळच्या हाडाचं वाढीचं टोक पूर्ण जुळलेलं दिसलं, तर मुलगा सतराच्या पुढचा आहे असं जवळजवळ खात्रीनं मानतात. देशांतर्गत स्पर्धांतही हाडाच्या तपासण्या होतात. एखाद्या ‘ओळखीच्या’ माणसानं दाखल्यात एक वर्ष कमी करून देतो म्हटलं, तर हे आठवा. पैसे जातील, पोरगा शिबिरातून घरी येईल आणि वर बंदीची टांगती तलवार.

पासपोर्ट

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना एरवी पासपोर्ट लागत नाही, म्हणून पालक निवांत असतात. स्पर्धेसाठी मात्र खेळाडूची ओळख पासपोर्टवरच ठरते. राज्य संघात नाव आलं की लगेच काढून ठेवा. अर्ज ऑनलाइन भरायचा, कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची. हे केंद्र पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. अठराच्या आतल्या मुलासाठी फी १,००० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. पंधरा पूर्ण झालेल्या मुलाला १,५०० रुपयांत दहा वर्षांचा घेता येतो, आणि खेळाडूनं तोच घ्यावा. जन्म दाखला, आधार आणि परिशिष्ट ‘डी’ म्हणजे आईवडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं. एकाची संमती मिळणं शक्य नसेल तर परिशिष्ट ‘सी’. मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर वाट बघू नका, नूतनीकरणाला टाका.

पैसे मागणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा

दरवर्षी कुठल्या तरी चौकात फ्लेक्स लागतो: अमुक खेळाडूची नेपाळमधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी भारतीय संघात निवड. खाली शुभेच्छुकांची रांग. चौकशी केली तर कळतं, कुठल्या तरी खासगी फेडरेशननं प्रवास, किट आणि प्रवेश फी असं करून घरच्यांकडून रक्कम घेतलीय. जर्सीवर तिरंगा असतो, प्रमाणपत्रही छापील असतं. सहल म्हणून जायला हरकत नाही, पण तो भारतीय संघ नव्हे. ओळखायची खूण साधी: संघ एआयएफएफनं जाहीर केलाय का, आणि समोरचे संघ त्या त्या देशांच्या मान्यताप्राप्त महासंघांचे आहेत का. भारतीय संघातल्या खेळाडूकडून खेळण्याचे पैसे घेत नाहीत. कुणी ‘साफची सीट’ म्हणून रक्कम मागितली तर ती देऊ नका, पावती मागा. माणूस तिथेच गायब होतो.

याचा खरा फटका नंतर बसतो. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी किंवा सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे त्याची पडताळणी होते. मान्यता नसलेल्या संघटनेचा कागद तिथे टिकत नाही. म्हणून जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा प्रत्येक पातळीवरच्या प्रमाणपत्रासोबत संघाची अधिकृत यादी, प्रवेशिकेची प्रत आणि निकालपत्रकही मागून ठेवा. पडताळणीच्या वेळी तेच विचारतात, आणि पाच वर्षांनी ते शोधायला गेलं तर संघटनेतली माणसंही बदललेली असतात.