एमआरआय नॉर्मल आहे, मग शब्द का सापडत नाहीत?

नौपाड्यातल्या, ल्युपस असलेल्या ओळखीच्या एका मुलीला घरच्यांनी नुकतंच ऐकवलं, "एमआरआय नॉर्मल आलाय ना? मग आता पुरे कर." तिची तक्रार साधीच. बोलताना शब्द अडतात, गॅसवर दूध ठेवल्याचं आठवत नाही. पण साधा एमआरआय स्वच्छ आला म्हणून मेंदू ठणठणीत असतो, असं नाही.

ल्युपसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. दर १० रुग्णांत साधारण ९ स्त्रिया. गालांवरचे चट्टे, सांधेदुखी, किडनीचा त्रास हे लोक ऐकून असतात. मेंदूबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली ल्युपसमधल्या मज्जासंस्थेच्या आणि मनाच्या १९ विकारांची यादी केली. त्यात फिट्स आणि पक्षाघात आहेत, तसं नैराश्य, भास आणि विसरभोळेपणाही आहे. भास म्हटलं की आपल्याकडे आधी उतारा. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या ठाण्यातही हेच, याची चीड येते. आपल्याच पेशींवर उलटलेली रक्तातली प्रतिपिंडं लिंबू-मिरचीला जुमानत नाहीत.

साध्या एमआरआयमध्ये रक्त न पोचून मेलेला भाग, सूज, पांढरे ठिपके दिसतात. त्याहून बारीक बिघाड निसटतो. तो पकडण्यासाठी जी तंत्रं अभ्यासली जात आहेत, त्यांतलं माझं लाडकं म्हणजे डिफ्युजन टेन्सर इमेजिंग, थोडक्यात डीटीआय. ते मेंदूतल्या पाण्याची भटकंती मोजतं.

पाण्याचा रेणू कधीच स्वस्थ बसत नाही. मेंदूत ५० मिलिसेकंदांत तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका सरकतो. पण मज्जातंतूंच्या जुडग्यात त्याला लांबीच्या दिशेने वाट मोकळी असते, आडवं जाताना तंतूंची आवरणं अडवतात. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर माणूस पुलाच्या लांबीनेच सरकतो, तलावपाळीवर तोच हवा तसा फिरतो, तसंच हे.

यंत्राला हे कळतं कसं? चुंबकीय क्षेत्राला क्षणभर एका दिशेने उतार दिला जातो. त्यामुळे पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रत्येक अणुकेंद्राच्या गिरकीत, ते जिथे असेल त्यानुसार, थोडा पुढे-मागेपणा येतो. काही मिलिसेकंदांनी हा परिणाम उलटवणारा दुसरा झटका. रेणू जागचा हलला नसेल तर फरक पुरता पुसला जातो. हलला असेल तर थोडा उरतो, असे हजारो उरलेले फरक एकमेकांना खोडतात आणि यंत्राला मिळणारा संकेत मंदावतो. म्हणजे जिथे संकेत जास्त पडला, तिथे त्या दिशेने पाणी जास्त धावलं! ही युक्ती स्टेजस्कल आणि टॅनर यांची, १९६५ सालची. मग दिशा बदलत जायचं. किमान सहा दिशा लागतात, कारण पाण्याच्या या पसरण्याचं वर्णन ३×३ च्या सममित मॅट्रिक्सने होतं आणि तिच्यात स्वतंत्र संख्या सहाच असतात. तिच्या आयगेन मूल्यांवरून ० ते १ मधला एक आकडा निघतो: फ्रॅक्शनल अॅनिसोट्रॉपी. पाणी चहूकडे सारखंच पसरलं तर ०, एकाच दिशेने धावलं तर १. (मॅट्रिक्सपाशी अडलात तर हा शेवटचा आकडा तेवढा लक्षात ठेवा.)

ल्युपसच्या रुग्णांत, विशेषतः मेंदूची लक्षणं असलेल्यांत, हा आकडा काही भागांत निरोगी लोकांपेक्षा कमी आढळला आहे. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा कॉर्पस कॅलोझम हा त्यांतला एक. म्हणजे तंतूंची शिस्त तिथे विस्कटली असावी. साध्या एमआरआयमध्ये डोळ्यांना नेहमीसारख्याच दिसणाऱ्या भागातही हे सापडतं.

पण म्हणून उद्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सेंटरमध्ये जाऊन "माझं डीटीआय काढा" म्हणू नका. हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. वय, रक्तदाब, मायग्रेन यांनीही आकडा हलतो. तंतू एकमेकांना छेदतात तिथे निरोगी मेंदूतही तो घसरतो. ल्युपस मेंदूत शिरला हे ठरवणारी एकच अशी तपासणी आज नाही. संधिवाततज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट लक्षणं, रक्त, गरज पडल्यास पाठीतलं पाणी हे सगळं जुळवून, जंतुसंसर्ग बाजूला काढून निदान करतात.

आणि नेमकं कारण कळणं गरजेचंच असतं. रक्ताच्या गाठींमुळे बिघाड असेल तर रक्त पातळ करणारी औषधं लागतात, दाह असेल तर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. त्यातून जास्त डोसचं स्टेरॉइड स्वतःच झोप उडवतं, कधी भासही घडवतं. अशा वेळी डोस वाढवायचा की उतरवायचा, हा डॉक्टरांपुढचा खरा पेच. डीटीआयने यात एका रुग्णापुरतं खात्रीचं उत्तर दिलं, तर ते प्रयोगशाळेतून दवाखान्यात येईल.